खालच्या खणातली अकरा ताटं

आमच्या कँटीनच्या भिंतीला दोन फळ्या आहेत आणि त्यांच्या खाली एक खण आहे. खालच्या फळीवर कंपनीत हजर असलेल्यांची ताटं असतात, वरच्या फळीवर साइटवर गेलेल्यांची. कोण कुठं आहे ते बघायचं असलं तर साहेब कॉम्प्युटर उघडतात. मामा नुसते दारातून फळीकडे बघायचे. खणात नोकरी सोडून गेलेल्यांची ताटं आहेत. त्यांच्याकडे मात्र बरीच वर्षं कोणी बघितलं नव्हतं.

कंपनी नगरच्या एमआयडीसीत आहे. हवा दाबून देणारी यंत्रं, म्हणजे कॉम्प्रेसर, इथं तयार होतात आणि साखर कारखान्यांत, दूध डेअऱ्यांत जाऊन बसतात. यंत्र विकलं म्हणजे संपलं असं नसतं. ते बंद पडलं की इथून माणूस जातो. या जाणाऱ्या माणसांचा सर्व्हिस विभाग वेगळा आहे आणि त्यांचा चहा-जेवण माझ्याकडे आहे. सात-आठ माणसं, कधी पाहुणा ड्रायव्हर. सगळे मला मावशी म्हणतात, फक्त मामा ताई म्हणतात.

मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, पारनेर तालुक्यातले. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "मागचं बेअरिंग चाललंय. आठ दिस काढील, जास्त न्हाई." आणि तसंच व्हायचं. ताटावर नाव घालायची पद्धत त्यांनीच पाडली. पूर्वी ताटं कुठं कुठं जायची, जेवायच्या वेळी कमी पडायची. मामांनी बाजारातून स्वतःचं ताट नाव घालून आणलं आणि मग प्रत्येकाला तसं हवंसं वाटलं. तेव्हापासून नवीन माणूस लागला की मी त्याचं नाव कागदावर लिहून घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी भांडेवाल्याकडे जायची. तो किर्र वाजणारं मशीन ताटाच्या काठावरून फिरवायचा. मी चौथीच शिकलेली, पण कागदावर नाव नीट लिहायची. दुसऱ्याच्या नावात चूक नको.

नाव घातलेल्या ताटात दुसरं कोणी जेवत नाही. म्हणून माणूस नोकरी सोडून गेला की ते ताट मी घासून, पुसून खालच्या खणात ठेवायची. टाकून द्यायचा धीर व्हायचा नाही. अशी अकरा ताटं जमली.

अकरावं ताट खणात गेलं त्या दिवशी मामा हसत म्हणाले होते, "ताई, तुझ्या ताटाला पाय फुटत्यात गं. तू नाव घातलं की गडी चालला." तो अकरावा माणूस लागल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्याचं ताट करून आणलं होतं. नवव्या दिवशी तो गेला. मामांनी थट्टा केली होती, पण माझ्या मनात ती रुतून बसली.

त्याच सुमारास साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की मामा दिवाळीनंतर निवृत्त होणार. त्यांच्या जागी पक्का माणूस उभा राहिला नाही, तर हा विभाग इथून उचलून पुण्याला नेणार, असं वरून सांगितलंय. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. विभाग गेला की कँटीन गेलं, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. सासूबाई अंथरुणाला, आमचे हे मालवाहू टेम्पो चालवतात तो कधी भरलेला, कधी रिकामा. माझा पगार म्हणजे आमच्या घराचा कणा होता.

मग माणूस शोधायला सुरुवात झाली. इंटरव्ह्यूला साहेब प्रत्येकाला दोन प्रश्न हमखास विचारायचे. पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल, आणि बंद पडलेल्या कॉम्प्रेसरजवळ गेल्यावर पहिल्यांदा काय कराल. चहा देता देता मला सगळ्यांची उत्तरं पाठ झाली. पाच वर्षांनी सगळे मोठ्या पदावर असायचे. आणि यंत्राजवळ गेल्यावर सगळे आधी वीज तोडायचे, मग हवा सोडायचे.

एक जण निराळा आला. कोल्हारकडचा, तिशी ओलांडलेला, घरी बायको आणि लहान मुलगी. त्याने एका डेअरीत नऊ वर्षं यंत्रं सांभाळली होती. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, "वीज तर तोडनारच सर. पन त्याच्या आधी तिथल्या ऑपरेटरला इचारीन, आवाज कधीपासून बदलला. त्याला सगळं म्हाईत असतंय. त्याला कोनी इचारतच न्हाई."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मामा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी दुसरा कप भरताना तो म्हणाला, "बास मावशी, तुमाला ऱ्हाऊ द्या." इंटरव्ह्यूला आलेल्या कोणी मला असं कधी म्हटलं नव्हतं. हा टिकावा, असं मला तिथंच वाटलं.

आणि तिथंच माझी चूक झाली. हा टिकावा म्हणून मी त्याचं ताट केलं नाही.

कँटीनमध्ये बिननावाची तीन ताटं आहेत. ड्रायव्हर, कुरिअरवाला, कोणी कामाला आलेला पाहुणा, यांच्यासाठी. त्यातलं एक मी त्याला देऊ लागले. नाव घातलं नाही म्हणजे पाय फुटणार नाहीत, एवढंच माझं गणित. मी हे कोणाला बोलले नाही. मी तशीही फार बोलत नाही. लोकांसमोर तर तोंडच उघडत नाही. लहानपणी शाळेत गुरुजींनी उभं केलं की येत असलेलं उत्तरही यायचं नाही.

चैत्रात तो लागला. मामा त्याला घेऊन फिरू लागले. आधी आधी मामा ऐकायचे आणि तो नट ढिले करायचा. पुढं मामा त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचे आणि आपण लांब उभे राहायचे. परत आले की जेवताना चालायचं.

"काय ऐकू आलं सांग ताईला."

"मागल्या बाजूला घरघर हुती."

"घरघर का खरखर?"

"मामा, तुमी जेवू द्याल का?"

"जेव की. भाकरी चावल्याचा आवाज तरी वळखू येतो का बघ."

सगळे हसायचे. मीही पदराआड हसायची. सहा महिन्यांत त्याने मामांचं निम्मं तरी घेतलं असेल. साहेब आनंदात होते. गळीत हंगाम तोंडावर आला होता. कारखाने सुरू व्हायच्या आधी सगळी यंत्रं तपासून द्यावी लागतात, त्यामुळे त्याचा मुक्काम बाहेरच असायचा. एकदा सलग बावीस दिवस तो साइटवर होता. बाकीच्यांची ताटं खालून वर, वरून खाली होत होती. त्याचं ताट कुठंच जात नव्हतं, कारण त्याचं ताटच नव्हतं. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

नवरात्राच्या आधी एका दुपारी तो श्रीरामपूरकडून आला आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेला. बाहेर आला तो मान खाली घालून. मामा मला म्हणाले, "राजीनामा दिला ताई. चाकणच्या कंपनीनं बोलावलंय. म्हैन्याची नोटीस हाय." मामांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ते जेवले नाहीत. ताटात वाढलेलं तसंच राहिलं.

त्याच दिवशी तो हात धुवायला मागच्या नळावर आला. हात तेलाने काळे, म्हणून फोन स्पीकरवर ठेवलेला. आत मी भांडी घासत होते. मधे नुसती जाळी. पलीकडून त्याची बायको बोलत होती.

"तिकडं पगार जास्त हाय म्हनून चाललाय का?"

"थोडा हाय. पन तेवढ्यासाठी न्हाई."

"मग? मामा तर तुमाला पोरासारखं करत्यात म्हनला हुता."

"मामा चाललं घरी. बाकीच्यांचं काय. बावीस दिस बाहेर ऱ्हायलो, घरी पोरीला ताप हुता, कोनी इचारलं न्हाई. अगं, सहा म्हैनं झालं, अजून पाहुन्याच्या ताटात जेवतोय मी. समद्यांची ताटं हायेत नावाची. माझं न्हाई. ह्यांनी पयल्याच दिशी ठरवलंय, ह्यो काय टिकत न्हाई."

माझ्या हातावरची राख तशीच वाळली. ज्याला धरून ठेवायला मी ताट केलं नव्हतं, त्याला तेच टोचत होतं. नळावर जाऊन सांगावं असं वाटलं. मी गेले नाही. तो गेला.

 घरी भाकरी भाजताना दोनदा हात पोळला. सकाळी मात्र मी एक ठरवलं. बोलता येणार नसेल तर नको बोलूया, दाखवता तर येईल.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला तेव्हा मी त्याला वाढलं नाही. खण ओढला, अकराच्या अकरा ताटं काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर मांडली. मामा बाजूला बसले होते. ते म्हणाले, "ताई, गावजेवन हाय का काय?"

तो एकेका ताटावरचं नाव वाचू लागला. चौथ्या-पाचव्या ताटाशी थांबला. "ही कोनाची मावशी?"

"गेलेल्यांची."

"समदी?"

मी मान हलवली. मग जमेल तसं बोलले. अकराव्या ताटावर बोट ठेवलं. "ह्यांचं दुसऱ्या दिवशी करून आणलं. नवव्या दिवशी गेले. मामा म्हणाले, माझ्या ताटाला पाय फुटतात. म्हणून तुमचं केलं नाही. तुम्ही जाऊ नये म्हणून केलं नाही."

मामांनी घास खाली ठेवला. "आरं देवा. ताई, मी गंमत केली हुती गं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, पण हसता हसता त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. "आन मी घरी सांगतोय, मावशी मला मोजीतच न्हाई म्हनून."

इतक्यात साहेब आत आले. ते त्याच्याशीच बोलायला आले होते, हातात त्याचं पत्र होतं. टेबलावरची ताटं बघून थांबले. मामांनी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांनी एक ताट उचललं. "हा गेला त्याला तीन वर्षं झाली असतील. चांगली संधी मिळाली म्हणून गेला. तसंच लिहून दिलंय त्याने. सगळ्यांनी तसंच लिहून दिलंय."

मी म्हणाले, "नाही साहेब."

माझाच आवाज मला परका वाटला. साहेबांनी वळून बघितलं. कोल्हारचा तो माणूस हळूच म्हणाला, "सर, इचारा त्यांना. त्यांना समदं म्हाईत असनार."

साहेब बाकावर बसले आणि म्हणाले, "सांगा मावशी. हा का गेला?"

मग मी सांगितलं. त्याची आई दवाखान्यात होती. तीनदा रजा मागितली, तीनदा 'दोनच दिवसांचं काम आहे' म्हणून साइटवर पाठवलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा आई गेलेली होती. तेराव्यानंतर आला तो पत्र घेऊनच. दुसऱ्या ताटाचं सांगितलं. एका डेअरीत मालक चारचौघांत त्याला वाटेल ते बोलला. चूक यंत्र चालवणाऱ्याची होती. इकडून फोनवर त्यालाच माफी मागायला लावली. त्या दिवशी त्याने अर्धं जेवण टाकलं, पुढं रोजच टाकू लागला. तिसरं ताट साहेबांच्या हातात दिलं. "बघा, याला एक चरासुद्धा नाही. हे कधी वापरलंच नाही. ते पहाटे निघायचे, तीन-चारला यायचे. कँटीन दोनला बंद करायचा नियम आहे. बिस्किटं खायचे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणी विचारलं नाही साहेब."

हे मी टोमणा म्हणून म्हणाले नव्हते, पण साहेबांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. म्हणून चौथं ताट उचलून म्हणाले, "हे मात्र पगारासाठीच गेले. यांचं काही कोणाचं चुकलं नाही. बहिणीचं लग्न होतं."

अकरा ताटांपैकी नऊंचं मला नीट ठाऊक होतं. दोघांचं नव्हतं, तेही सांगितलं. साहेबांनी राजीनाम्याच्या पत्राच्या मागे लिहून घेतलं. दुसरा कागद जवळ नव्हता. त्या दिवशी सगळ्यांना गार भाकरी खावी लागली. मामा म्हणाले, "वीस वर्षं हिच्या हातचं खातोय, एवढं बोलताना पयल्यांदा ऐकलं. बेअरिंग बदललंय हिचं."

शेवटी साहेबांनी त्याला विचारलं, "तुमचं काय? काय केलं तर थांबाल?"

तो म्हणाला, "पंधरा दिस बाहेर, मग दोन दिस घरी. आन ते आधीच हापिसातल्या फळ्यावर खडूनं लिहून टाका. ऐनवेळी पुसायचं न्हाई. घरी सांगता आलं पायजे, बाबा कवा येनार ते."

"आणि पत्र?"

"पत्र ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. म्हैना हाय अजून. बघू."

ते 'बघू' मला फार जड गेलं. महिनाभर मी रोज खालच्या खणाकडे बघायची. सगळं एकदम बदललं असं नाही. वरून साहेबांना निम्म्या गोष्टींना नकार आला, असं मामा सांगायचे. पण फळ्यावर तारखा लिहिल्या गेल्या. कँटीन दोनला बंद होईना, साइटवरून कोणी यायचं असेल तर मी डबा भरून ठेवायचा आणि कुलूप लावायचं नाही, असं साहेबांनी सांगितलं. दिवाळीच्या आधी एका कारखान्याचा फोन आला, उद्याच माणूस पाठवा. त्याचे घरचे दोन दिवस फळ्यावर लिहिलेले होते. साहेब फळ्यासमोर उभे राहिले, हातात डस्टर होतं. मी चहा घेऊन दारात होते. पुसतील असंच मला वाटलं. त्यांनी डस्टर ठेवलं, फोन उचलला आणि म्हणाले, "परवा येईल. तोवर मी स्वतः येतो." आणि खरंच गाडी काढून गेले. मामा म्हणाले, "साहेबाचे हात काळं झाल्याशिवाय कारखाना सुरू व्हायचा न्हाई ह्या साली."

नोटिशीचा महिना संपला. तो कामावर येतच राहिला. पत्राबद्दल तो बोलला नाही, साहेबही बोलले नाहीत. मीही त्याला बिननावाच्या ताटातच वाढत होते. आता तो म्हणेल तेव्हाच नाव घालायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

मामांच्या निरोपाला मी पुरणपोळ्या केल्या. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. मामांना भाषण करायला सांगितलं तर उठून म्हणाले, "माझं ताट खालच्या खनात घालायचं न्हाई. मी काय पळून चाललो न्हाई. पुरनपोळी असंल त्या दिशी येनार हाय." मग त्यांनी खिशातून तो लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर काढला आणि कोल्हारच्या त्या माणसाच्या हातात दिला. "घे. घरघर आन खरखर येगळी असती, येवढं ध्यानात ठेव."

जेवणं झाली. मी भांडी गोळा करत होते. तो आपलं ताट घेऊन स्वतः मोरीपर्यंत आला, जे तो कधी करत नसे. ताट माझ्या हातात देत म्हणाला, "मावशी, बाजारात कधी जानार हाय तुमी?"

"रविवारी."

"मग एक कागद द्या. नाव लिहून देतो."

मी म्हणाले, "नको. मला येतं लिहायला."

भांडेवाला म्हणाला, बऱ्याच दिवसांनी आलात. मी काठावर हात ठेवून उभी राहिले. मशीन किर्र वाजत होतं आणि अक्षरामागून अक्षर उमटत होतं. घरी आल्यावर सासूबाईंना ते ताट दाखवलं. त्या म्हणाल्या, "कुनाचं गं?" मी म्हणाले, "आमच्यातल्याचं."

हे लिहिते आहे तेव्हा हंगाम जोरात चालू आहे. विभाग पुण्याला न्यायचं यंदा तरी राहिलं. त्याचं ताट वरच्या फळीवर आहे, गुरुवारी खाली येईल, तसं फळ्यावर लिहिलं आहे. मामांचं ताट खालच्या फळीवर आहे, साहेबांनी ते हलवू दिलं नाही. आणि मागच्या सोमवारी दोन नवीन माणसं लागली. त्यातली एक मुलगी आहे, आयटीआय झालेली, राहुरीची. पहिल्या दिवशी जेवायला बसली तेव्हा मी तिच्यासमोर कागद ठेवला आणि विचारलं, "बाई, नाव कसं घालू? नुसतं, का आडनावासकट?"

ती म्हणाली, "मावशी, आजच? मी राहते की जाते ते तरी बघा."

"ते मी बघते," मी म्हणाले. "तू नाव सांग."